स्वालबार्डबुटिक्केन : हंगामी कामगाराचे कोठार

उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या लाँगयरब्येन या गावी तीन-चार दिवसांसाठी येणारा प्रवासी स्वालबार्डबुटिक्केन या किराणा दुकानात एकदा तरी शिरतो. दारापाशी पेंढा भरून ठेवलेल्या ध्रुवीय अस्वलाशेजारी उभे राहून छायाचित्र काढतो, चॉकलेट आणि लोकरीचे मोजे घेतो आणि भाज्यांचे भाव पाहून थक्क होऊन बाहेर पडतो. दुकानाविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक याच ओळखीवर आधारलेले असते. मी फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत तिथल्या एका अतिथिगृहात खोल्या आवरण्याचे आणि सकाळच्या न्याहारीचे काम केले, आणि त्या आठ महिन्यांत आठवड्यातून तीन-चार वेळा याच दुकानातून पिशवी भरून नेली. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः तिथे एखादा हंगाम काम करायला जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी आहे.

असा विचार करणे भारतीय माणसालाही शक्य आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. १९२० च्या स्वालबार्ड करारानुसार या द्वीपसमूहावर नॉर्वेचे सार्वभौमत्व आहे. मात्र करारात सामील असलेल्या देशांच्या नागरिकांना तिथे येण्याचा आणि उद्योगधंदा करण्याचा समान हक्क आहे. भारत त्या देशांपैकी एक असून, याच द्वीपसमूहातल्या न्यू-ओलेसुन येथे २००८ पासून आपले ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. स्वालबार्डवर राहण्यासाठी व्हिसा लागत नाही. परंतु तिथे जाणारे विमान नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून निघत असल्याने, जाताना आणि परतताना अशा दोन्ही वेळच्या प्रवेशाची मुभा देणारा, नॉर्वेसह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा शेंगेन व्हिसा हाताशी असावा लागतो. दुसरी अट त्याहून कठोर आहे. तिथे राहणाऱ्याने आपला निर्वाह स्वतः केला पाहिजे. ज्याच्यापाशी त्याचे साधन नाही, त्याला परत पाठवण्याचा अधिकार राज्यपालांना आहे. साधारण अडीच हजार लोकवस्तीच्या या गावात पन्नासहून अधिक देशांची माणसे राहतात, आणि त्यांतली बरीचशी थोड्याच वर्षांत, काही तर थोड्याच महिन्यांत, निघून जातात.

अशा गावात किराणा दुकानाचे महत्त्व किती असते, ते मला माझ्या निवासाने शिकवले. लाँगयरब्येनमधली बहुतेक घरे कंपन्यांच्या किंवा सरकारच्या मालकीची असून ती नोकरीला जोडलेली असतात; नोकरी संपली की घरही सोडावे लागते. माझी खोली गावाच्या वरच्या टोकाला, नीब्येन भागातल्या एका जुन्या इमारतीत होती. या भागातल्या बराकी दुसऱ्या महायुद्धानंतर खाणकामगारांसाठी बांधल्या गेल्या होत्या. आम्ही सहा जणी एक स्वयंपाकघर आणि एक फ्रिज वापरत होतो आणि माझ्या वाट्याला त्या फ्रिजचा अर्धा खण आला होता. नोकरी ठरताना प्रशस्त स्वयंपाकघराचे आश्वासन मिळाले होते, ते पाळले गेले नाही आणि त्याची खंत मला शेवटपर्यंत राहिली. साठवण करायला जागा नसली की दुकान हेच आपले कोठार होते. नीब्येनपासून ते दोन किलोमीटरहून थोडे अधिक अंतरावर, उताराच्या वाटेवर आहे. जाताना पिशवी रिकामी आणि येताना भरलेली असल्याने चढाचा सगळा भार परतीच्या वाटेवरच येतो, हे मात्र आधीच ध्यानात घ्यावे.

दुकान सहकारी तत्त्वावर चालते आणि ते नॉर्वेतल्या ‘कोप’ या सहकारी साखळीचा भाग आहे. हे समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते, कारण या गावाचा इतिहास नेमका उलटा आहे. जॉन मन्रो लाँगयर या अमेरिकन उद्योजकाने १९०६ मध्ये इथे कोळशाची खाण सुरू केली. १९१६ मध्ये ती ‘स्टोरे नोर्स्के’ या नॉर्वेजियन कंपनीकडे आली आणि त्यानंतर कित्येक दशके घर, भोजनगृह आणि दुकान हे सारे कंपनीचेच होते. १९८० च्या सुमारापर्यंत कंपनीने छापलेल्या स्वतःच्या नोटाही गावात चालत असत. म्हणजे कामगाराला मजुरी ज्या हाताने मिळे, त्याच हाताकडे ती परत जात असे. आज त्याच गावात लोकांच्या सभासदत्वावर चालणारे दुकान आहे आणि काल आलेली हंगामी कामगार बाई तिथे दहा वर्षे राहिलेल्या रहिवाशाच्या बरोबरीने रांगेत उभी राहते, याचे मला मनापासून कौतुक आहे.

माल येतो तो दोन वाटांनी. जड आणि टिकाऊ वस्तू मुख्य भूमीवरच्या त्रोम्सो शहरातून जहाजाने येतात, तर दूध, पालेभाज्या, फळे अशा नाशवंत वस्तूंपैकी बऱ्याचशा विमानाने. १९७५ मध्ये विमानतळ सुरू होण्यापूर्वी समुद्र गोठला की शरद ऋतूतल्या शेवटच्या जहाजानंतर वसंतापर्यंत गावाचा संपर्क जवळजवळ तुटत असे आणि साऱ्या हिवाळ्याची बेगमी एकदमच करून ठेवावी लागे. आता त्रोम्सोहून दीड तासात आणि ओस्लोहून सुमारे तीन तासांत विमान पोहोचते. तरीही वाऱ्यापुढे आणि धुक्यापुढे कोणाचे काही चालत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस लागोपाठ दोन दिवस विमाने उतरू शकली नाहीत. तेव्हा सॅलडची पाने, केळी आणि ताजे दूध ज्या फडताळांवर असते ती एकेक करून रिकामी होताना मी पाहिली. कोणी घाई केली नाही, कोणी दोन-दोन पिशव्या भरून नेल्या नाहीत. माझ्या पुढे उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांनी दुधाच्या शेवटच्या दोन खोक्यांतले एक उचलले आणि दुसरे तसेच राहू दिले. तो उणेपणा हवामानाचा होता, दुकानाचा नव्हे. गोठवलेल्या भाज्या, पीठ, कडधान्ये, डबाबंद मासे यांचा साठा तेव्हाही भरपूर होता. नव्याने जाणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात तांदूळ, मसूर डाळ, गोठवलेला मटार आणि टिकाऊ दूध एवढे तरी खोलीत ठेवावे, म्हणजे विमान रद्द झाल्याची बातमी आली तरी पोटाला झळ लागत नाही.

भावांविषयी नेमकेपणाने बोलायला हवे, कारण इथे दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच पावतीवर दिसतात. स्वालबार्डवर मूल्यवर्धित कर नाही. त्यामुळे थंडीचे कपडे, विजेरी यांसारख्या वस्तू मुख्य भूमीपेक्षा स्वस्त पडू शकतात. उलट टोमॅटो किंवा काकडी यांच्या किमतीत हजारो किलोमीटरची वाहतूक मिसळलेली असते आणि करातली सवलत तिच्यापुढे तोकडी पडते. वेतनावरचा प्राप्तिकर ८ टक्के असल्याने हाती येणारा पगार मुख्य भूमीच्या तुलनेत बरा वाटतो. पण ज्याला रोज ताजी भाजी लागते, त्याच्या हिशेबात तो फरक भाजीच्या खणापाशीच विरघळतो. मी आठवड्यातून एकदाच ताजी भाजी घेत असे आणि उरलेले दिवस कोबी, गाजर, बटाटे, कांदे यांवर काढत असे. या चार भाज्या तिथे बाराही महिने बऱ्यापैकी दर्जाच्या मिळतात.

वैविध्याच्या बाबतीत मात्र दुकान माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगले निघाले. गावात थाई आणि फिलिपिनो रहिवाशांची संख्या लक्षणीय आहे, आणि हॉटेले, स्वयंपाकघरे, स्वच्छतेची कामे यांचा मोठा भार तेच उचलतात. त्यांच्यामुळे तांदळाची मोठी पाकिटे, नारळाचे दूध, माशांचा सॉस आणि तिखट मिरची ७८ अंश उत्तर अक्षांशावरही मिळते. ज्यांच्या श्रमावर पर्यटन उभे आहे त्यांच्या चवीची दखल दुकानाने घेतली आहे, हे मला त्याच्या साऱ्या गुणांत मोठे वाटते.

हंगाम कुठला चालू आहे हे समजण्यासाठी दिनदर्शिका पाहण्याची गरज नसते, गिऱ्हाइकांकडे पाहिले तरी पुरते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. मी पोहोचले तेव्हा दुपारी निळसर उजेड असे आणि दुकानाच्या पांढऱ्या दिव्यांखाली आल्यावर डोळे दिपत. डोंगरांमुळे गावात प्रत्यक्ष ऊन पोहोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी जुन्या रुग्णालयाच्या शिल्लक राहिलेल्या पायऱ्यांपाशी सगळे गाव जमते, लहान मुलांच्या चेहऱ्यांवर सूर्य रंगवलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये, विशेषतः ईस्टरच्या सुट्टीत, बर्फावरच्या स्कूटरचे जाड पोशाख घातलेल्या पाहुण्यांनी दुकानातल्या मार्गिका भरून जातात. मेच्या उत्तरार्धात बर्फ विरघळू लागतो, स्कूटर थांबतात आणि दुकान थोडे मोकळे होते. जूनपासून पर्यटकांची जहाजे येतात. मोठ्या जहाजातून एका सकाळी गावाच्या लोकसंख्येइतकी किंवा त्याहून जास्त माणसे उतरू शकतात, आणि तेव्हा दूध आणायला जाण्याची वेळ हुशारीने निवडावी लागते. मी दुकान बंद होण्याच्या जरा आधी जाई. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यानंतर ऑगस्टपर्यंत सूर्य मावळत नसल्याने त्या वेळीही बाहेर लख्ख ऊन असते.

शस्त्रे आणि मद्य यांविषयीचे नियम नवख्याला चमत्कारिक वाटतात, पण दोन्हींमागे कारण आहे. वस्तीबाहेर जाताना अस्वलापासून रक्षणाची तजवीज करावी लागत असल्याने इथे खांद्यावर रायफल घेतलेली माणसे सहज दिसतात. दुकानात मात्र शस्त्र आणता येत नाही आणि तशी सूचना दारावरच आहे. मद्याचा विभाग ‘नॉर्डपोलेट’ या नावाने ओळखला जातो. रहिवाशांना तिथे मासिक मर्यादेचे कार्ड दाखवावे लागते आणि पाहुण्यांना प्रवासाचे तिकीट. महिन्याला बिअरचे २४ कॅन आणि कडक मद्याच्या २ बाटल्या अशी मर्यादा आहे. वाइनवर तितकी कडक मर्यादा नाही. खाणीच्या काळात बिअर आणि कडक मद्य कामगार पीत, तर वाइन अधिकारी पीत, हे त्याचे कारण गावात आवर्जून सांगितले जाते. मी मद्य घेत नाही, तरी त्या कार्डाकडे पाहताना जुन्या गावातली उतरंड अजून पुसलेली नाही, असे मला वाटल्याशिवाय राहिले नाही.

गाव बदलते आहे. २०२५ मध्ये ‘खाण क्रमांक ७’ बंद झाली आणि लाँगयरब्येनची शेवटची नॉर्वेजियन कोळसाखाण इतिहासजमा झाली. त्याच वर्षी १ जानेवारीपासून संरक्षित क्षेत्रांत दोनशेहून अधिक प्रवासी नेणाऱ्या जहाजांना बंदी आली. पुढच्या काळात किती हंगामी हात लागतील, हे या दोन्ही गोष्टींवर पुष्कळ अवलंबून राहील. त्यामुळे कामाचा करार हाती आल्याखेरीज आणि त्यात राहण्याच्या जागेचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज कोणी विमानाचे तिकीट काढू नये.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी माझा अर्धा खण रिकामा केला. गावात वापरलेल्या वस्तूंचे एक दुकान स्वयंसेवक चालवतात; तिथे मी बूट आणि पातेले देऊन आले. उरलेली मसूर डाळ, हळदीची बाटली आणि नारळाच्या दुधाचे दोन डबे स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवले. माझ्या जागी येणारी मुलगी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने पोहोचणार होती आणि वाऱ्याचा अंदाज फारसा चांगला नव्हता.