हँडब्रेक आणि एमकेव्हीटूलनिक्स: नाटकांच्या रेकॉर्डिंगवर काही महिने वापरल्यानंतर

आधी माझी गरज सांगते, कारण पुढचा सगळा अभिप्राय त्या गरजेतून आलेला आहे. आमची हौशी नाट्यसंस्था आहे. स्पर्धेचे आणि एरवीचेही प्रयोग आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो. पार्श्वसंगीत मी बघते, म्हणून रेकॉर्डिंग सांभाळायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. एका प्रयोगाचं चित्र एकच असतं, पण आवाज दोन: एक कॅमेऱ्याच्या माइकचा, दुसरा मिक्सरमधून थेट घेतलेला. मिक्सरचा आवाज स्वच्छ असतो, पण त्यात प्रेक्षागृहच नसतं. हशा नाही, टाळी नाही, विनोद उठला की पडला ते कळत नाही. कॅमेऱ्याच्या आवाजात हशा असतो आणि पुढच्या रांगेतला खोकलाही असतो. संवाद तपासणाऱ्या नटाला मिक्सरचा आवाज हवा, ज्याने प्रयोग पाहिला नाही त्याला कॅमेऱ्याचा. काही नाटकांना दिग्दर्शकाने नंतर बसून केलेली टिप्पणी हा तिसरा आवाज. सबटायटलही दोन: ऐकू कमी येणाऱ्या जुन्या सभासदांसाठी मराठी आणि परदेशातल्या नातवंडांसाठी इंग्रजी. हे सगळं एका फाईलमध्ये राहावं आणि ती फाईल टीव्हीवर, फोनवर, लॅपटॉपवर चालावी, एवढंच मागणं.

वापरते ती मुख्य सॉफ्टवेअर दोन, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारी. हँडब्रेक २००३ पासून आहे. एरिक पेटिट याने ते बीओएस नावाच्या, आता इतिहासजमा झालेल्या सिस्टिमसाठी लिहिलं होतं, आणि त्याची १.० आवृत्ती यायला डिसेंबर २०१६ उजाडला. तेरा वर्षं! एमकेव्हीटूलनिक्स हे मॉरित्झ बुंकुस यांचं. ‘व्हिडिओ कन्व्हर्टर’ म्हणून लोक दोन्हींची नावं एका दमात घेतात, पण दोघांची कामं पूर्ण वेगळी आहेत.

एमकेव्ही किंवा एमपीफोर म्हणजे नुसता डबा. आत चित्र एच.२६४ या पद्धतीने साठवलेलं असेल, आवाज एसी-थ्रीमध्ये, सबटायटल साध्या एसआरटीत. एमकेव्हीटूलनिक्स आतल्या वस्तूंना हात न लावता डबा बदलतो, त्यात वस्तू घालतो किंवा काढतो. हँडब्रेक चित्र उघडून नव्याने एन्कोड करतो, म्हणजे पुन्हा दाबून साठवतो, आणि नेहमीच करतो. ‘चित्र आहे तसंच राहू दे, फक्त डबा बदल’ असं त्याला सांगता येत नाही. दोन तासांच्या प्रयोगाचा डबा बदलायला एमकेव्हीटूलनिक्सला डिस्कच्या वेगाइतका वेळ लागतो, म्हणजे काही मिनिटं. तेच काम हँडब्रेककडे दिलं तर माझा जुना लॅपटॉप रात्रभर पंखा फिरवत बसतो आणि चित्र वर थोडं बिघडतंच. ‘फाईल टीव्हीवर चालत नाही, कन्व्हर्ट करून दे’ असं म्हणत कोणी पेनड्राइव्ह घेऊन आलं, तर बहुतेक वेळा नव्याने एन्कोड करायची गरजच नसते.

आता हँडब्रेकबद्दल, कारण लोक तेच आधी डाउनलोड करतात. इंटरफेस छान आहे. रांग लावता येते, सगळं संपलं की संगणक आपोआप बंद करता येतो, पूर्ण फाईल करण्याआधी छोटा तुकडा करून बघता येतो. पण मुळात जसं येतं तसं वापरलं तर ते तुमचे ट्रॅक (फाईलमधला प्रत्येक वेगळा आवाज किंवा सबटायटल) गाळतं, आणि न बोलता गाळतं. नेहमीच्या प्रीसेटमध्ये, म्हणजे तयार सेटिंगमध्ये, आवाजाचा एकच ट्रॅक निवडलेला असतो. तीन आवाजांची फाईल घाला, ‘स्टार्ट’ दाबा, एका आवाजाची फाईल बाहेर येते. चूक दाखवणारा संदेश नाही, लाल खूण नाही, कारण त्याच्या लेखी काही चुकलेलंच नसतं. सबटायटलचंही तसंच.

उपाय आहे, फक्त तो आत दडवलेला आहे. ऑडिओच्या टॅबमध्ये ‘सिलेक्शन बिहेवियर’ म्हणून एक बटण आहे. तिथे भाषा ‘एनी’ ठेवायची, ‘जुळणारे सगळे ट्रॅक’ निवडायचे आणि एन्कोडर ‘ऑटो पासथ्रू’ करायचा, म्हणजे एसी-थ्री, एएसी, फ्लॅक हे आवाज पुन्हा न दाबता जसेच्या तसे पुढे जातात. सबटायटलच्या टॅबमध्येही तेच करायचं आणि मग सगळं स्वतःच्या प्रीसेटमध्ये साठवायचं. प्रीसेट साठवला नाही तर पुढच्या फाईलला पहिले पाढे पंचावन्न. मला विचाराल तर ही सोय पहिल्याच पडद्यावर ठळक हवी होती. ज्यांना फोनमधली क्लिप लहान करायची आहे त्यांच्यासाठी आताची मांडणी योग्य आहे, आणि त्यांचीच संख्या जास्त असणार, हेही मान्य.

दुसरी मर्यादा माझ्या दृष्टीने मोठी. हँडब्रेक बाहेरची सबटायटल फाईल आत घेतो, पण बाहेरची आवाजाची फाईल घेत नाही. मिक्सरचा आवाज जोडायचा तर आधी एमकेव्हीटूलनिक्सकडे जावंच लागतं.

आणि तिथे गेलं की बरं वाटतं. आमचा कॅमेरा लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करतो. एमकेव्हीटूलनिक्समध्ये पहिला तुकडा घ्यायचा, बाकीचे ‘अपेंड’ करायचे, की अख्खा अंक सलग. अॅड आणि अपेंड यांतला फरक मात्र नीट बघावा: अॅड केलेला तुकडा शेपटीला जोडला जात नाही, समांतर ट्रॅक म्हणून बसतो. मिक्सरची वेव्ह फाईल मी आधी फ्लॅक करून घेते. जागा बरीच कमी लागते आणि आवाजातलं काहीच जात नाही. मग ‘डिले’च्या रकान्यात मिलिसेकंद भरायचे. तिसऱ्या घंटेचा ठोका दोन्ही आवाजांत स्पष्ट येतो, त्यावरून ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फरक मोजता येतो. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत जुळत नसल्याने दुसऱ्या अंकाच्या शेवटी ओठ आणि शब्द थोडे फाकतात. तेवढा फरक ऑडॅसिटीतच काढून घेते किंवा प्रत्येक अंक वेगळा जुळवते.

प्रत्येक ट्रॅकला भाषा आणि नाव द्यायची सोय हा माझ्या मते या सॉफ्टवेअरचा सगळ्यात उपयोगी भाग. मराठी यादीत आहे, कोड ‘एमएआर’, कोकणीही आहे. ‘मराठी – मिक्सर’, ‘मराठी – प्रेक्षागृह’, ‘दिग्दर्शकाची टिप्पणी’ अशी नावं देवनागरीतच लिहिते आणि व्हीएलसी या प्लेअरच्या मेनूत ती नीट दिसतात. कोणता ट्रॅक आपोआप सुरू व्हावा त्याची ‘डिफॉल्ट’ खूण करता येते. टिप्पणीसाठी आणि कमी ऐकू येणाऱ्यांच्या सबटायटलसाठीही वेगळ्या खुणा आहेत. नाव बदलायचं असेल तर फाईल पुन्हा बनवायची गरज नाही, हेडर एडिटरमध्ये सेकंदात होतं. इतकं काम करणारं सॉफ्टवेअर दिसायला मात्र आयकराच्या फॉर्मसारखं आहे. आणि ते फक्त एमकेव्ही आणि त्याचंच रूप असलेलं वेबएम बनवतं. एमपीफोर वाचतं, लिहीत नाही.

मराठी सबटायटलवर थोडं जास्त लिहिते, कारण खरं घोडं तिथे अडतं आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये याबद्दल अक्षर नसतं. आमच्या जुन्या संहिता श्रीलिपीच्या युनिकोडआधीच्या फाँटात टाईप केलेल्या आहेत. तो मजकूर तसाच एसआरटीत टाकला तर पडद्यावर रोमन अक्षरांचा भुसा दिसतो. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांमध्ये, बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर र्‍हस्व-दीर्घ, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. फाईल साठवताना एन्कोडिंग (इथे अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ हवं. जुन्या विंडोजमधलं नोटपॅड मुळात एएनएसआय देत असे आणि देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरत. हँडब्रेकमध्ये एसआरटी घेताना भाषा आणि कॅरेक्टर कोड विचारतात, तिथेही यूटीएफ-८ आहे ना ते बघावं.

एवढं सगळं बरोबर करूनही टीव्ही दगा देऊ शकतो. व्हीएलसीत सुरेख दिसणारं सबटायटल आमच्या एका सभासदाच्या टीव्हीवर चौकोन होऊन आलं. दुसऱ्याकडे अक्षरं आली, पण पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणि ‘क्ष’चे दोन तुकडे. फाईलचा यात दोष नसतो. देवनागरीची अक्षरं मागचं-पुढचं बघून जुळवावी लागतात, आणि ते काम त्या टीव्हीच्या आतल्या प्रोग्रॅमला येत नाही. व्हीएलसीसारखे प्लेअर त्यासाठी हार्फबझ नावाची लायब्ररी वापरतात. टीव्हीवर व्हीएलसी टाकता येत असेल तर प्रश्न तिथेच सुटतो.

नसेल तर ‘बर्न इन’, म्हणजे सबटायटल चित्रातच रंगवून टाकणं. हँडब्रेक हे चांगलं करतो. एसआरटीऐवजी एएसएस या सजावटीची सोय असलेल्या प्रकारात सबटायटल केलं तर फाँटही आपल्याला ठरवता येतो. मला ‘मुक्त’ हा फाँट मोठ्या पडद्यावर बरा वाटतो, नोटोही चालतो. पण एकदा रंगवलेलं सबटायटल बंद करता येत नाही आणि असं एकच भाषेचं करता येतं. म्हणून मूळ एमकेव्ही तशीच ठेवून, फक्त त्या अडेल टीव्हीपुरती वेगळी प्रत काढते.

एमपीफोरचा मोह लोकांना फार, कारण फोनवर ते बिनबोभाट चालतं. दोन-तीन आवाज त्यात ठेवता येतात. सबटायटलची गंमत वेगळी: एमपीफोरमध्ये साधा मजकूर एका वेगळ्या प्रकारात बदलून ठेवला जातो, एएसएसमधली सजावट त्यात बहुतेक गळून पडते, आणि ब्लू-रेवरची चित्ररूप सबटायटल तर हँडब्रेक एमपीफोरमध्ये ठेवूच शकत नाही, फक्त रंगवू शकतो. शिवाय एमपीफोरच्या आत सबटायटल आहे हे कित्येक टीव्हींना दिसतच नाही. त्यांच्यासाठी व्हिडिओच्याच नावाची एसआरटी शेजारी ठेवणं हा जुना मार्ग अजून उत्तम. जपून ठेवायला एमकेव्ही आणि वाटायला एमपीफोर, असं माझं ठरलं आहे.

दर्जाचं थोडक्यात. हँडब्रेकमधला आरएफचा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. १०८० ओळींच्या चित्राला त्यांचाच सल्ला २० ते २४ चा आहे. मी २० वर ठेवते, कारण नाटकात अर्धा रंगमंच काळोखात असतो आणि आकडा वाढवला की त्या काळोखात चौकटी वळवळतात. निळ्या प्रकाशाचा उतार पायऱ्या-पायऱ्यांचा दिसत असेल तर एच.२६५ चा १०-बिट एन्कोडर घ्यावा, फरक पडतो. ग्राफिक कार्डावरचं एन्कोडिंग भराभर होतं, पण तितक्याच आकाराच्या फाईलमध्ये चित्र उतरतं, म्हणून वाटायच्या प्रतींपुरतंच.

जुना कॅमेरा असेल तर आणखी एक बघा. भारतात हे कॅमेरे सेकंदाला ५० अर्धी चित्रं घेतात, म्हणजे इंटरलेस्ड. हँडब्रेक ती जोडून २५ पूर्ण चित्रं करतो. संवादप्रधान नाटकाला ते चालून जातं, पण लावणी किंवा दशावतारातलं युद्ध असेल तर हालचाल अडखळते. डीइंटरलेसमध्ये ‘बॉब’ निवडलं की ५० चित्रं मिळतात, मात्र त्याबरोबर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) ‘सेम अॅज सोर्स’ करायला हवा. नेहमीच्या प्रीसेटमध्ये ३० ची मर्यादा असते आणि ती सगळी मेहनत पाण्यात घालते.

एफएफएमपेग या टाईप करून चालवायच्या कन्व्हर्टरचं नाव कोणीतरी काढेलच. काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करायची तयारी असेल तर त्याच्यासारखं काही नाही, आणि हँडब्रेकच्या पोटातही त्याच्याच लायब्ररी आहेत. गळतीचा स्वभाव मात्र तोच: काही न सांगता सोडलं तर तो एक चित्र, एक आवाज आणि फार तर एक सबटायटल उचलतो, आवाजही जास्त चॅनेलवाला. सगळं हवं तर ‘मॅप’ला शून्य द्यावं लागतं. एमकेव्हीचं एमपीफोर करताना चित्र आणि आवाज ‘कॉपी’वर चालतात, सबटायटलला मात्र ‘mov_text’ सांगावं लागतं, नाहीतर काम मध्येच थांबतं. अख्खं फोल्डर एका दमात बदलायचं असेल तेव्हा मी तेच वापरते.

डाउनलोड अधिकृत साइटवरूनच करा. मे २०१७ मध्ये हँडब्रेकचा एक डाउनलोड सर्व्हर फोडून तिथल्या मॅक आवृत्तीत प्रोटॉन हे मालवेअर घुसवलं गेलं होतं. तेव्हापासून चेकसम (फाईल बदललेली नाही ना, हे पडताळायचा आकडा) जुळवून बघा असं सांगणारे वाढले आहेत, आणि ते बरोबर सांगतात.

फाईल तयार झाली की मी मीडियाइन्फो या फाईलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. किती आवाज, किती सबटायटल, कोणती भाषा, सगळं एका पानावर दिसतं. मग व्हीएलसीत शेवटच्या प्रवेशावर जाऊन प्रत्येक आवाज आळीपाळीने ऐकते, कारण सुरुवात जुळलेली असतेच. त्यानंतरच कॅमेऱ्याच्या कार्डावरचं मूळ पुसते. पेनड्राइव्हवर द्यायची असेल तर तो एफएटी-३२ आहे का बघते, कारण त्यावर ४ जीबीच्या वरची फाईल मावत नाही. व्हॉट्सअॅपवर द्यायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच. व्हिडिओ म्हणून पाठवली तर ते पुन्हा दाबतं आणि पलीकडे एकच आवाज पोचतो.

गुण द्यायचे तर एमकेव्हीटूलनिक्सला पाचपैकी पाच, दिसण्याचा अर्धा कापावासा वाटूनही. हँडब्रेकला चार. ट्रॅक गाळण्यापूर्वी त्याने एकदा विचारलं असतं तर उरलेला एकही दिला असता.