सोलरचा हप्ता बिलाएवढाच, असं कुणी सांगितलं तर

आमच्या छपरावरची पॅनेल्स व्यवस्थित चालतात, हे आधीच सांगून टाकतो. सोलरमध्ये फसवणूक झाली म्हटलं की लगेच कुणीतरी "तरी सांगत होतो, सगळं थोतांड आहे" म्हणतंच. थोतांड अजिबात नाही. पॅनेलमध्ये हलणारा भाग नसतो, वर्षाला साधारण अर्धा टक्का क्षमता घटते आणि पंचवीस वर्षं सहज जातात. आम्हाला लुटलं ते कोटेशनमध्ये आणि त्याला चिकटून आलेल्या कर्जात. म्हणून हे लिहितोय.

विक्रेत्याचा माणूस टॅब घेऊन आला होता. त्याचा हिशोब सोपा होता: पाच किलोवॅटची सिस्टीम, रोज आठ तास ऊन, म्हणजे रोज ४० युनिट. आता हे पाच किलोवॅट येतात कुठून? पॅनेलवर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश, अशा ठरवून दिलेल्या स्थितीत प्रयोगशाळेत मोजलेला तो आकडा आहे. सकाळी आठलाही ऊन असतंच, पण तिरपं. दिवसभराचं सगळं ऊन पूर्ण ताकदीच्या तासांत मोजलं तर चांगल्या जागीही चार-पाच तासच भरतात. शिवाय भर दुपारी छपरावरचा सेल ६० अंशांपर्यंत तापतो. दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के उत्पादन कमी होतं, म्हणजे ३५ अंशांच्या फरकात १२ टक्के तिथेच गेले. धूळ, वायरिंग आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा डबा) यांची कपात वेगळी. शेवटी हाती राहतात १६ ते १८ युनिट. ॲपवर आमची सरासरी तेवढीच दिसते. कंपनीला फोन केला की उत्तर ठरलेलं, "सध्या ढगाळ आहे ना, सर."

पाण्याच्या टाकीच्या सावलीची गोष्टही तशीच. पाहणी भर दुपारी झाली, फोटोत छप्पर लख्ख. हिवाळ्यात सूर्य खाली आला तशी टाकीची सावली थेट दोन पॅनेलवर. पॅनेलमध्ये बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारे भाग, असतात म्हणून सगळी रांग बंद पडत नाही, पण लहानशा सावलीनंही एका पॅनेलचा तिसरा हिस्सा सहज बाद होतो. खरी पाहणी करणारा वर्षभराची सावली काढून दाखवतो. अंदाज तर घरबसल्याही काढता येतो: पीव्हीवॉट्स आणि पीव्हीजीआयएस ही मोफत साधनं आहेत. जागा, छपराचा उतार, दिशा आणि किलोवॅट भरले की महिन्यागणिक युनिट समोर येतात. विक्रेत्याचा आकडा त्याच्या दीडपट असेल तर त्यानं वर्षभराची हमी लेखी द्यावी, नाहीतर चालू पडावं.

पण खरा डल्ला कर्जात होता.

"सर, आज बिल भरताच ना? तेच पैसे हप्त्याला भरा. खिशातून काहीच जात नाही." हे वाक्य त्याला तोंडपाठ होतं. रोखीनं घेतलं तर किंमत किती, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. दर वेळी "ईएमआय बघा ना" म्हणत विषय हप्त्यावर आणला. पुढे दुसरीकडे तेच पॅनेल, तोच इन्व्हर्टर, तेवढेच किलोवॅट सांगून रोखीचा भाव काढला. त्यांची किंमत १०० धरली तर आम्हाला लावलेली १२५ होती. कर्ज देणाऱ्याचं कमिशन आणि विक्रेत्याचा वाटा सरळ मुद्दलात घातला होता, आणि त्या फुगवलेल्या मुद्दलावर व्याज. ज्या जाहिरातींत "शून्य टक्के" लिहिलेलं असतं, तिथेही व्याज बहुतेक वेळा असंच किमतीत मुरलेलं असतं.

व्याज सांगितलं १० टक्के. ते फ्लॅट होतं. फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच चालू. कर्जाच्या दर १०० रुपयांवर पाच वर्षांचं ५० व्याज, एकूण १५०, महिन्याला अडीच. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर वर्षाला १७ टक्क्यांच्या वर जातो. टॅबवरच्या करारात "फ्लॅट" हा शब्द होता, पण पानं तोच बोटानं सरकवत होता आणि सही कुठे करायची तेवढं दाखवत होता. कराराची प्रत मेलवर आली ती कंपनीला पूर्ण पैसे पोचल्यावर.

पूर्ण पैसे म्हणजे खरोखर पूर्ण. पॅनेल्स छपरावर चढली त्या दिवशीच कर्ज देणाऱ्यानं सगळी रक्कम कंपनीच्या खात्यात टाकली. वीजपुरवठादाराची मंजुरी आणि नेट मीटर (ग्रिडकडून, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याकडून, घेतलेली आणि त्याला दिलेली वीज मोजणारा) बाकी होता. मीटर बसेपर्यंत सिस्टीम चालू करता येत नाही, हप्ता मात्र चालू झाला. एक युनिटही तयार न करणाऱ्या सिस्टीमचे हप्ते, आणि जुनं बिल आहे तसंच. पैसे मिळालेले असल्यामुळे मंजुरीच्या कागदांमागे धावायची कंपनीला कसली घाई?

बचतीचा तक्ता तर बघण्यासारखा होता. पंचवीस वर्षं विजेचा दर दरसाल ८ टक्क्यांनी वाढणार असं गृहीत धरलेलं. चक्रवाढीनं हे साडेसहापटीच्या वर जातं. म्हणून शेवटच्या वर्षांतली बचत डोळे दिपवते. पॅनेलची घट मात्र तक्त्यात नव्हती. इन्व्हर्टर साधारण दहा-पंधरा वर्षांत बदलावा लागतो, तो खर्चही नव्हता. ग्रिडला दिलेल्या युनिटचा भाव आपण विकत घेतो त्याच दराने लावला होता, आणि अनेक ठिकाणी तो त्याहून बराच कमी असतो.

लाइट गेल्यावरही घर उजळलेलं राहील, असं माहितीपत्रकात चित्रच होतं. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःहून बंद होतो, भर उन्हातही. तो बिघाड नव्हे, तारांवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. घर चालू ठेवायचं तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. हे आम्हाला कळलं ते बॅटरी विकायला तोच माणूस पुन्हा आला तेव्हा. त्याची ऑफर १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांची, "रात्रभर एसी" या शब्दांसह. एका बॅटरीत १.८ युनिट, चारांत ७.२. लेड-ॲसिड टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ३.६. दीड किलोवॅटचा एसी सलग चालला तर अडीच तासांतच खेळ संपला. परत पाठवला त्याला.

वॉरंटीबद्दल थोडक्यात. "२५ वर्षं" असते ती बहुधा उत्पादनक्षमतेची, म्हणजे तेव्हाही ८० टक्क्यांच्या आसपास वीज मिळेल याची. पॅनेल फुटलं, जोडणीत पाणी शिरलं, तर वस्तूची वॉरंटी वेगळी आणि अनेकदा कमी वर्षांची. काढण्या-बसवण्याची मजुरी त्यात असेलच असं नाही. "टियर वन पॅनेल" हाही असाच भारदस्त शब्द. ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची ती यादी निर्मात्याच्या पॅनेल्सवर बँका प्रकल्पांना कर्ज देतात का, हे बघते. पॅनेलच्या दर्जाची ती परीक्षा नाही.

आता घरात वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, इस्त्री, गीझर सगळं दुपारी चालतं, कारण स्वतः वापरलेलं युनिट पूर्ण भावानं वाचतं. बिल बरंच उतरलंय. हप्ता मात्र वाचलेल्या रकमेपेक्षा मोठा आहे आणि कर्ज फिटेपर्यंत तसाच राहणार. तक्रार दाखल केली आहे. कंपनीच्या जुन्या नंबरवर आता दुसऱ्याच नावाची कंपनी फोन उचलते.

तुमचं बोलणं सुरू असेल तर रोखीची किंमत वेगळ्या ओळीत मागा, व्याजाचा वार्षिक परिणामी (घटत्या शिलकीवरचा खरा) दर मागा, आणि पैशांचा मोठा हिस्सा मीटर बसून सिस्टीम चालू झाल्यावरच सुटेल असं करारात लिहून घ्या. पॅनेल वर चढवण्याआधी प्रत्येकाच्या मागच्या सिरियल नंबरचा फोटो काढून बिलाशी जुळवा. आमच्या बिलावरचे दोन नंबर छपरावर कुठेच नाहीत.