रॉजेचा थिसॉरस: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

इंग्रजीत लिहिताना मनातला अर्थ स्पष्ट असतो, पण नेमका शब्द जिभेवर येत नाही. नेहमीचा शब्दकोश तिथे कामाचा नाही, कारण तो शब्दावरून अर्थाकडे नेतो. मला उलटा रस्ता हवा होता, म्हणून विषयवार रचनेचा रॉजे थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणारा कोश, घेतला. कित्येक महिने तो रोज उघडतोय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

पीटर मार्क रॉजे हे पेशाने डॉक्टर. १८५२ साली हा कोश छापून आला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांनी शब्द अकारविल्हे न लावता सहा मोठे वर्ग केले, त्यांच्याखाली हजार कल्पना घेतल्या आणि विरुद्ध कल्पना शेजारी शेजारी मांडल्या. प्रस्तावनेत त्यांनी आपल्या अमरकोशाचा उल्लेख केला आहे. कोलब्रुक या इंग्रज संस्कृत अभ्यासकाने १८०८ मध्ये काढलेली त्याची इंग्रजी आवृत्ती त्यांना माहीत होती. त्यातली वर्गवारी त्यांना पटली नव्हती, तरी अर्थानुसार शब्द लावायचा हा प्रयत्न किती जुना आहे हे वाचून मला फार आनंद झाला.

सुरुवातीला मी पानं चाळत बसायचो, त्यात वेळ जातो. खरी किल्ली मागच्या सूचीत आहे. तिथे ओळखीचा शब्द काढायचा, दिलेल्या क्रमांकावर जायचं आणि मग आजूबाजूचं सगळं निवांत वाचायचं.

आता खरी अडचण. ‘ट्रान्सपरंट’ काढला की त्याच्याच आसपास ट्रान्सल्यूसंट, पेल्यूसिड, लिम्पिड, डायफनस असे शब्द स्वल्पविराम देऊन मांडलेले दिसतात. जणू कुठलाही उचलावा! फरक काय, याबद्दल एक अक्षर नाही. प्रत्यक्षात ट्रान्सल्यूसंट वस्तूतून उजेड येतो, पण पलीकडचं स्पष्ट दिसत नाही. डायफनस शोभतो तो तलम, झिरझिरीत कापडाला. लिम्पिड म्हणजे नितळ: पाणी, डोळे आणि गद्यशैलीसुद्धा. पाण्याला आपण झिरझिरीत म्हणत नाही, तितकंच डायफनस पाणी इंग्रजी कानाला खटकतं. हे सगळं मला उदाहरणवाक्यं देणाऱ्या दुसऱ्या शब्दकोशातून कळलं. त्यामुळे थिसॉरस एकटा वापरू नका, असं मी आग्रहाने सांगेन. अनोळखी शब्द थेट लेखात घातला की वाचणाऱ्याला तो लगेच टोचतो.

स्तुती आणि निंदा यांचा फरक तर आणखी नाजूक. फ्रूगल माणूस काटकसरी, पार्सिमोनिअस माणूस चिक्कू. पण विज्ञानात पार्सिमनी हा गुण ठरतो: दोन स्पष्टीकरणं सारखीच लागू पडत असतील, तर कमी गृहीतकं लागणारं निवडावं. पेन्यूरिअस तर कंजूष आणि कंगाल अशा दोन्ही अर्थांनी येतो, तेव्हा संदर्भ पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये.

फायदा मात्र मोठा आहे. विरळ शब्द सुटे पाठ केले तर टिकत नाहीत, नातेवाइकांसोबत भेटले की बसतात. क्रेपस्क्युलर हा शब्द मला पूर्वी कधी लक्षात राहत नव्हता. डायर्नल म्हणजे दिवसा वावरणारे प्राणी, नॉक्टर्नल म्हणजे रात्रीचे आणि क्रेपस्क्युलर म्हणजे पहाटे व तिन्हीसांजेला बाहेर पडणारे, असे तिघे एकत्र ठेवल्यावर तो पक्का झाला.

उच्चार दिलेले नाहीत, अर्थही नाहीत. त्यामुळे इंग्रजी नुकतंच शिकणाऱ्याला मी हा सुचवणार नाही. नेटवर १९११ ची आवृत्ती फुकट मिळते. जुनं गद्य वाचायला ती छान, पण आज लिहिण्यासाठी नको, कारण त्यातले बरेच शब्द आता वापरातून गेले आहेत. विकत घेताना आतली पानं जरूर पाहा. रॉजेचं नाव लावलेले कितीतरी कोश सरळ अकारविल्हे असतात, आणि त्यांत ही विषयवार मांडणीच मिळत नाही.