एटिमऑनलाइन : स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी हा कोश का उघडायला लावते

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून मुलं माझ्याकडे इंग्रजीला येतात. कुणी भोरचं, कुणी इंदापूरचं. तयारी राज्यसेवेची नाहीतर बँकेची. शब्दांच्या याद्या पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात. त्यांच्यासाठी डग्लस हार्पर यांचा हा इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारा ऑनलाइन व्युत्पत्तिकोश मला फार मोलाचा वाटतो. मोबाइलवर फुकट वाचता येतो.

'मॉडलिन' हा शब्द घ्या. अप्पा बळवंत चौकातल्या गाइडात 'अतिभावुक, रडका' एवढं लिहिलेलं असतं. हा कोश थेट येशूची शिष्या मेरी मॅग्डलीन हिच्यापर्यंत नेतो. तिचं नाव फ्रेंचमधून इंग्रजांच्या तोंडी येता येता असं झालं. ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजचा उच्चार आजही 'मॉडलिन'च आहे. चित्रकार तिला पश्चात्तापाने रडताना रंगवायचे, त्यातून हे विशेषण आलं. १५९२ मध्ये थॉमस नॅश या इंग्रज लेखकाने दारुड्यांचे आठ प्रकार सांगितले, त्यातला एक 'मॉडलिन': पिता पिता मायेने रडणारा आणि समोरच्याचे मुके घेणारा.

मला त्या बाईबद्दल खरंच वाईट वाटतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात ती येशूच्या रिकाम्या कबरीपाशी रडते, ते दुःख अस्सल आहे. लूकच्या शुभवर्तमानातली रडणारी पापी स्त्री तर निनावी आहे. ती म्हणजेच मेरी, हे पोप ग्रेगरी यांनी ५९१ च्या सुमारास प्रवचनात सांगितलं आणि पश्चिमेत तेच रूढ झालं. आणि अशा बाईचं नाव खोट्या उमाळ्याला! वर्गात हे सांगितलं की मुलं गप्प होतात. शब्द मग कुणी विसरत नाही.

'मॉकिश' म्हणजे नकोसं वाटेल इतकं भावुक, त्याचं मूळ अळीत आहे; आणि 'श्माल्ट्स' म्हणजे बटबटीत भावुकता, त्याचं यिडिश भाषेतल्या वितळवलेल्या चरबीत. हेही असेच लक्षात राहतात.

एक सांभाळा. शब्दापुढचं साल म्हणजे लेखी पुरावा सापडतो तो काळ. बोलण्यात शब्द त्याआधीही असू शकतो. अर्थच्छटा आणि वाक्यातला वापर पाहायला मात्र नेहमीचा शब्दकोश जवळ हवाच, हा कोश त्यासाठी नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडू नका. एका शब्दातून दुसऱ्यात शिरता शिरता रात्र सरते.