सेन्सर नाही, रबर गेलं होतं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमधलं टायरचं दुकान. पाटीवर टायर कंपन्यांची नावं एवढी मोठी, की दुकानाचं नाव कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. तिथल्या काकांनी माझे साडेसहा हजार वाचवले, म्हणून हे लिहितेय.

माझी फोर बाय फोर सहा वर्षांची. त्र्यंबकच्या बाजूला चिखलात उतरताना मी चारही टायरची हवा 18 पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणते, तेव्हा हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागणारच. त्याबद्दल तक्रार नाही. पण परत 33 भरल्यावरही दिवा जाईना. चाकांतल्या सेन्सरने मोजलेली हवा गाडीच्या स्क्रीनवर दिसते, तिथे पुढचं डावं 25, पंपावरच्या गेजमध्ये तेच चाक 33. बाकी तिघांपुढे स्क्रीनवर 33, त्यामुळे त्यांना हात लावायचं कारणच नव्हतं. (म्हणजे असं मला वाटलं.) सर्व्हिस सेंटरनेही तेवढंच एक चाक तपासलं. "मॅडम, सेन्सर गेला. नवीन टाकावा लागेल." कोटेशन साडेसहा हजार, वर जीएसटी.

काकांनी स्क्रीन बघितली आणि विचारलं, "ताई, चाकं फिरवली होती का एवढ्यात?" फिरवली होती. त्याच सर्व्हिस सेंटरने महिन्यापूर्वी पुढची मागे, मागची पुढे केली होती. काका काहीच बोलले नाहीत. पुढच्या डाव्या चाकाची पिन दाबून भस्सकन हवा सोडली आणि मला म्हणाले, "आता बघा आत." स्क्रीनवर मागचं डावं उतरत होतं!

चाकं जागा बदलून बसली, पण कुठला सेन्सर कुठे गेला ते गाडीला कोणी शिकवलंच नव्हतं. सेन्सर ठणठणीत होता, पत्ता जुना होता. खरं 25 होतं मागच्या डाव्यात आणि मी त्यावर इगतपुरीला जाऊन आले होते, हायवेने, शंभरच्या स्पीडने. हे कळल्यावर पोटात गोळा आला.

मग हवा का उतरतेय ते शोधणं. टबात बुडवून टायरला कुठेच बुडबुडा नाही. काकांनी व्हॉल्व्हच्या बुडाशी बोटाने साबणाचा फेस लावला. पाच-दहा सेकंदांनी मोहरीएवढा एक फुगा आला, फुटला, परत आला. सेन्सर त्या व्हॉल्व्हलाच आतून जोडलेला असतो आणि रिमच्या भोकात रबरी वॉशर असतो. तो वाळून कडक झाला होता. वॉशर आणि आतली पिन बदलली, सेन्सर तोच ठेवला. नंतर त्यांच्या मुलाने हातातलं मशीन एकेका व्हॉल्व्हजवळ धरून चारही सेन्सर गाडीला नव्याने ओळखवले. साडेचारशे रुपये. तीन आठवडे झाले, दिवा लागलेला नाही.

बसायला एक टायर, तोही उन्हात. दीड तास गेला. मशीन मुलगाच चालवतो, त्यामुळे तो असताना जा. आणि हवा किती ते आधी सांगा, काका न विचारता सगळ्यांना 36 भरतात.