‘आज पोया, सगळं बंद’: कोलंबोत आम्हाला असं लुबाडलं

म्हापशाच्या एका टूर एजंटने आम्हा १८ विद्यार्थ्यांकडून कोलंबो दर्शनाच्या एका दिवसासाठी माणशी ५,४०० रुपये घेतले. एकूण ९७,२०० रुपये, विमान आणि हॉटेल सोडून. लोटस टॉवरची तिकिटं, राष्ट्रीय संग्रहालय, ‘हार्बर क्रूझ’, जेवण आणि गाईड असं ठरलं होतं. यातलं फक्त जेवण मिळालं, आणि गाईड मिळाला तो असला. वर रत्नांच्या दुकानात आमच्यातल्या तिघांचे ३९,६३६ रुपये गेले. तक्रार चालू आहे म्हणून एजंटचं नाव लिहीत नाही.

कोलंबोच का, असं घरच्यांनी आता दहादा विचारून झालं. आमच्या गटात सासष्टीची चार मुलं होती. बाणावलीत जन्मलेल्या जोझेफ वाझ यांना २०१५ साली पोपनी संतपद दिलं ते कोलंबोच्या गॉल फेसवर. ती जागा त्यांना बघायची होती. मला फोर्ट भाग बघायचा होता. १६५६ मध्ये डचांनी घेईपर्यंत ते शहर पोर्तुगीजांचं होतं आणि त्याचा कारभार आपल्या गोव्यातून चालायचा. म्हणजे आम्ही काही खरेदीला गेलो नव्हतो.

गॉल फेसवर फोटो झाले आणि गाईडने सांगितलं, “आज पोया. टॉवर बंद, म्युझियम बंद.” श्रीलंकेत दर पौर्णिमेला पोयाची सुट्टी असते, हे आम्ही वाचून गेलो होतो, त्यामुळे ते पटलंही. तेवढ्यात पांढऱ्या शर्टातला एक माणूस जवळ आला. आपण देवळाच्या ट्रस्टचे आहोत म्हणाला, पोयाचं खरं म्हणाला, आणि सरकारी रत्नप्रदर्शनाचा आज शेवटचा दिवस आहे, विद्यार्थ्यांना कर माफ आहे, असंही सांगून गेला. हे दोघे एकमेकांना ओळखत होते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता जे लिहिते आहे ते आठवलं की अजून झोप उडते. माझ्या मैत्रिणीची त्या दिवशी संकष्टी होती. सकाळपासून केळी आणि शहाळ्याच्या पाण्यावर होती ती. बसमध्ये माझ्याच शेजारी बसून मोबाईलवर चंद्रोदयाची वेळ शोधत होती. संकष्टीच्या दिवशी पौर्णिमा! घरात भिंतीवर कालनिर्णय असणारी आम्ही मुलं, आणि अठरा जणांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की पौर्णिमा होऊन गेली, आज वद्य चतुर्थी आहे. पोयाला मांस आणि दारूची दुकानं बंद असतात. आम्हाला दुपारी कोंबडीचा रस्सा वाढला आणि वाटेत दारूच्या दुकानासमोर रांग होती. सगळं डोळ्यांसमोर होतं. पण गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस, ओळखीच्या एजंटने नेमलेला, परक्या देशात सांगतो आहे. त्याला पंचांग काढून खोटं पाडायला कोण जातं? ज्या एजंटने माझ्या मावशीला तिरुपतीला नीट नेऊन आणलं, त्याच्यावर विश्वास ठेवणं हा गुन्हा आहे का?

‘हार्बर क्रूझ’ म्हणून बेरा तलावात हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्यांत बसवलं. तलाव! कोलंबोचं बंदर कंटेनरचं आहे, आत सहज सोडत नाहीत. पत्रकात ‘क्रूझ’ दिसली तर कुठल्या धक्क्यावरून, कुठली बोट, हे आधीच लिहून मागा.

मग एका बंगल्यातलं ‘प्रदर्शन’. मी वडिलांसाठी नीलम घेतला. भाव ४२,००० श्रीलंकन रुपये, म्हणजे आपले साधारण १२,०००. कार्ड त्यांनीच मशीनमध्ये घातलं, मी पिन टाकला. बँकेचा मेसेज आला १७,३८६ रुपयांचा. पावतीवर रुपये नव्हतेच, २०० डॉलर होते. मशीनवरचा आकडा आणि चलन बघितल्याशिवाय पिन टाकू नका, समोरचा कितीही घाई करो. पणजीच्या सोनाराने भिंगाखाली बघून सांगितलं, खडा कारखान्यात बनवलेला आहे. सोबतचं प्रमाणपत्र दुकानाने स्वतःच छापलेलं. तिथे रत्नांसाठी सरकारी प्राधिकरण आहे, खडा तपासायचा तर तिथे.

संध्याकाळी हॉटेलात बेळगावचं एक कुटुंब भेटलं. ते दुपारीच टॉवरवर जाऊन आले होते.

तिथल्या पोलिसांनी दुकानाची पावती बघितली आणि म्हणाले, खरेदी तुम्ही राजीखुशीने केली. बँक म्हणते, पिन तुम्ही टाकला, आम्ही काही करू शकत नाही. इथे ठाण्यात गेले तर “बाय, हें आमचें काम न्हय, सिव्हिल मॅटर.” पर्यटनाच्या कार्यालयात अर्ज दिला, तर या टेबलावरून त्या टेबलावर, शेवटी म्हणे घटना परदेशात घडली. पैसे म्हापशात घेतले ना? पावती म्हापशाची, एजंट म्हापशाचा, मग परदेश कुठून आला? १९८२ च्या कायद्याने गोव्यात ट्रॅव्हल एजंटला नोंदणी करावी लागते. याची नोंदणी आहे का, एवढं साधं विचारलं. “लेखी विचारा.” लेखी विचारलं. उत्तर नाही. अठरा मुलांचे पैसे बुडाले तर कुणाच्या खुर्चीला धक्का लागत नाही, हे मी या डोळ्यांनी बघितलं.

शेवटी १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, तिथे निदान ऐकून घेतलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वकील नसला तरी चालतं. अडचण एकच, आमच्या पावतीवर फक्त ‘कोलंबो पॅकेज’ लिहिलंय, टॉवर नाही, संग्रहालय नाही. व्हॉट्सअॅपवरचं पत्रक कुणीतरी जपून ठेवलं म्हणून तेवढं तरी जोडता आलं.

त्याच एजंटचं डिसेंबरचं बुकिंग सुरू आहे. म्हापशात कुणी त्याला आगाऊ रक्कम दिली असेल, तर आजच जाऊन पावतीच्या मागे एकेक ठिकाण लिहून त्याची सही घ्या.