फतेहगंजमधील मराठी अभ्यासवर्ग : नायसियापर्यंत उत्तम, पुढे घाई

वडोदऱ्यात फतेहगंज भागातील एका चर्चच्या सभागृहात ख्रिस्ती धर्मातील सनातन मताची ओळख करून देणारा मराठी अभ्यासवर्ग नुकताच पार पडला. शुल्क नाममात्र असूनही वर्ग गांभीर्याने चालवला गेला. ख्रिस्ती कुटुंबांबरोबर दांडिया बाजाराकडील आमच्यासारखे हिंदू जिज्ञासूही श्रोत्यांत होते.

सनातनी म्हटले की आपल्याकडे सोवळे-ओवळे आठवते. येथे विषय आचारांचा नव्हताच. एकच ईश्वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा त्रैक्यरूप आहे, येशू पूर्ण देव व पूर्ण मनुष्य आहे, तो क्रुसावर मरून देहाने पुन्हा उठला, ही विधाने जो मनापासून मान्य करतो तो सनातनमती, अशी मांडणी पहिल्याच व्याख्यानात झाली.

सर्वांत रंगला तो इ.स. 325 च्या नायसिया परिषदेचा, म्हणजे सिद्धांत ठरवण्यासाठी भरलेल्या बिशपांच्या सभेचा भाग. पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो निर्मिलेला आहे, हे अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस याचे मत शिक्षकांनी त्याला खलनायक न ठरवता इतक्या ताकदीने मांडले की काही श्रोते त्याच्याच बाजूला झुकले. त्यानंतर त्याचा विरोधक, पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झालेल्या अथानासियसचे उत्तर आले : पुत्र निर्मिलेला असेल तर त्याची उपासना ही सृष्टाची उपासना ठरते, आणि जो स्वतः सृष्ट आहे तो माणसाला देवाशी जोडणार कसा? परिषदेने आरियसच्या विरोधात निर्णय दिला तरी वाद मिटला नाही. सम्राटांची मर्जी फिरत राहिली आणि अथानासियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. सनातन मत राजाज्ञेने एका दिवसात ठरले, हा सोपा समज येथे टिकत नाही.

यानंतर मात्र गाडी घाईत हाकली गेली. ख्रिस्ताच्या दैवी व मानवी अशा दोन स्वभावांविषयीची 451 ची कॅल्सिडन परिषद अर्ध्या तासात उरकली, हे मला खटकले, कारण केरळमधील मलंकारा ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा ती परिषद मानत नाही आणि तरीही स्वतःला सनातनच म्हणवते. पवित्र आत्मा केवळ पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही, हा पूर्व-पश्चिम ख्रिस्तसभांमधला जुना वाद तर एका वाक्यात संपला.

छापील पुस्तिकेचे मराठी स्वच्छ आहे, परंतु तिच्यात दिलेला विश्वासांगीकार (श्रद्धेची मुख्य विधाने सांगणारा ठरीव पाठ) नुसता नायसियाचा म्हटला आहे. पवित्र आत्म्याविषयीचा विस्तार असलेले हे रूप 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडले जाते. विचारल्यावर शिक्षकांनी ते मोकळेपणाने सांगितले, पण छापायला हवे होते. धर्मप्रचाराचा आग्रह कोठेही जाणवला नाही. पुढील वर्गाला जाणाऱ्यांनी विश्वासांगीकार आधी वाचून जावा आणि कॅल्सिडनसाठी स्वतंत्र व्याख्यान मागून घ्यावे.